सूर्य बुडायच्या आधीची बांग

माझ्या अब्बांना कोणता आजार आहे हे आमच्या गावात प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाचं उत्तर वेगळं होतं. शेजारच्या घरात राहणारी माझी फुपी, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, छातीठोकपणे सांगायची, "माज्या भावाला काय झाला न्हाय. कुवेतच्या एसीत डोका थंड पडला हुता, हितं येऊन तापला." किराणा दुकानवाल्या चाचांच्या मते चिंचेखाली दुपारचं झोपल्यामुळे कसला तरी असर, म्हणजे बाहेरची बाधा, झाला होता. अब्बांच्या एका शाळासोबत्याचं निदान सगळ्यात साधं: "लय हुशार हुता. हुशारी बाधली." पनवेलचे डॉक्टर तेवढे म्हणाले, की हा मनाचा आजार आहे, यात माणूस कधी खूप चढतो, कधी खूप उतरतो, आणि गोळ्या कायम घ्याव्या लागतात. पण पनवेल लांब, आणि डॉक्टर आमच्या जमातीतले नव्हते. त्यामुळे त्यांचं मत शेवटून पहिलं.

आमचं गाव म्हसळ्याच्या पलीकडे, समुद्राला खेटून. अर्धे पुरुष आखातात, उरलेले बोटींवर नाहीतर बाजारात. अब्बाही कुवेतला एका गोदामात कामाला होते. मी दुसरीत असताना एक दिवस ते न कळवता परत आले. दोन बॅगा होत्या. एकीत कपडे आणि दुसरीत नुसती भिंतीवरची घड्याळं, मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराला एक. साधी नव्हेत, नमाजाच्या पाचही वेळांना आपोआप बांग देणारी. अब्बा तेव्हा इतके चढलेले होते की एका संध्याकाळात त्यांनी घरोघरी जाऊन स्वतःच्या हाताने ती सगळी ठोकली. वेळ लावायची मात्र राहून गेली. मग काय, पुढचा आठवडाभर आमच्या गावात घराघरांतून कुवेतच्या वेळेने बांगा होत राहिल्या. म्हाताऱ्या बायका दुपारच्या झोपेतून दचकून उठायच्या, नमाजासाठी हातपाय धुवायला धावायच्या, आणि मग घड्याळाला आणि माझ्या बापाला एकत्रच शिव्या घालायच्या.

पुढे पनवेलच्या गोळ्या सुरू झाल्या आणि अब्बा जमिनीवर आले. त्याच सुमारास मशिदीत बांग देणारा माणूस, आम्ही त्याला बांगी म्हणतो, सौदीला ड्रायव्हर म्हणून गेला. अब्बांचा आवाज चांगला होता. नुसता चांगला नव्हे, आमच्या वाडीच्या टोकाला कोळीवाडा आहे, तिथल्या मावश्या सुकत घातलेली मासळी परतता परतता थांबून ऐकायच्या, इतका चांगला. जमातीने त्यांना विचारलं आणि ते बांगी झाले.

तेव्हापासून आमच्या घराला एक आधाराचा खुंटा सापडला. अब्बा उतरले की दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायचे. दाढी वाढायची, जेवण तसंच राहायचं, बोलायचे तर अजिबात नाहीत. पण बांगेची वेळ झाली की उठायचे, तोंड धुवायचे, टोपी घालून मशिदीत जायचे, बांग द्यायचे, नमाज पढायचे आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करायचे. अम्मी म्हणायची, "बांग हाय तवर हा मानूस बुडायचा न्हाय." मला हे पुरतं पटलेलं होतं. इतर पोरींच्या बापांना नोकरी होती, दुकान होतं. माझ्या बापाला बांग होती, आणि ती गेली तर तो जाईल, असं मी धरून चालले होते.

चढ लागला की ओळखायचं कसं, यात मी अम्मीपेक्षाही तयार होते. पहिली खूण कॅरमवर कळायची. अब्बा बरे असले की मला मुद्दाम जिंकू द्यायचे आणि तसं दाखवायचे नाहीत. चढायला लागले की आधी स्ट्रायकरचा कोन समजावून सांगायचे, मग पृथ्वीचा, मग असा काही टोला मारायचे की क्वीन माजघरातून थेट चुलीकडे. दुसरी खूण दुरुस्ती. आमचा मिक्सर, फुपीचा पंखा, चाचांच्या दुकानातला वजनकाटा, सगळं ते उघडून बसायचे, आणि त्यातलं एखादं खरंच सुधारायचं, म्हणून लोक आणखी वस्तू आणून द्यायचे. तिसरी खूण म्हणजे जेट्टीवरून अख्ख्या मोहल्ल्यासाठी बांगडे. तिसरी खूण दिसली की अम्मी पदर खोचायची आणि मी एसटीचं वेळापत्रक विचारायला नाक्यावर जायचे.

असं आमचं दोघींचं खातं होतं. त्यात तिसऱ्या कोणाला घ्यायची सोय नव्हती, कारण तिसरं माणूस आलं की पाणी घेऊन यायचं.

पाण्याचं सांगायला हवं. आमच्याकडे कोणी आजारी असलं की दुआ पढून, फुंकर मारून पाणी देतात. दम केलेलं पाणी म्हणतात त्याला. अब्बांसाठी ते सगळीकडून यायचं. फुपी एका दर्ग्यातून आणायची, चाची दुसऱ्या दर्ग्यातून, मुंबईचे नातेवाईक तिसऱ्या. जुन्या शीतपेयांच्या बाटल्यांत भरलेलं, झाकणाला दोरा बांधलेलं. फ्रिजचा दरवाजा त्या बाटल्यांनी इतका भरलेला असायचा की दूध ठेवायला जागा नाही. अब्बा बिचारे घोट घोट सगळ्यांचं प्यायचे. पण एका माणसाने प्यायचं तरी किती? आणि ते मोरीत ओतता येत नाही, बेअदबी होते. पाय पडणार नाही अशा जागी, झाडाच्या मुळाशी सोडायचं असतं. अम्मीने मागच्या अंगणातला एक माड त्यासाठी मुक्रर केला. बाकीच्या माडांना भुंगे लागले, उंदीर लागले, पण तो माड मात्र असा धरायचा की बघत राहावं. फुपी येऊन त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "बघ, गुण येतो का न्हाय!" गुण माडाला आला होता, पण तिला सांगणार कोण.

मी पाचवी संपवली त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता. सुट्टी, आंबे आणि मुंबईकर, तिन्ही एकदम. गाव माणसांनी गच्च. त्या वर्षी मी पहिला पूर्ण रोजा धरायचा असं ठरलं. आधीच्या वर्षी दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा दुपारी आंब्याने माझा घात केला होता. आमच्यात मुलाचा पहिला रोजा म्हणजे छोटं लग्नच. नवे कपडे, गळ्यात मोगऱ्याचा हार, नातेवाईक भेटी घेऊन येतात आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मध्ये बसवून रोजा सोडवतात. मला रोज्यापेक्षा हाराची ओढ जास्त होती, हे अल्लाहला माहीत असणारच.

अब्बांचं मात्र वेगळंच चाललं होतं. पनवेलच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की या गोळ्यांवर दिवसभर पाणी पीत राहावं लागतं, तेव्हा रोजे धरायचे नाहीत. आजाऱ्याला रोजा माफ असतो, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण अब्बांना लाज वाटायची. ते म्हणाले, "मी सगल्या गावाला सांगनार, चला रोजा सोडा, आनि मी सोताच दुपारी भाकरी-कालवन जेवलेला? त्वांड कुठं लपवू?" पहिल्या रोज्यापासून त्यांनी गोळ्या बंद केल्या, आणि तेही लपूनछपून नाही. मंत्र्याने योजना जाहीर करावी तसं जाहीर केलं. फुपीला आनंद मावेना. "रोज्यासारखी दवा न्हाय," म्हणाली आणि आणखी दोन बाटल्या आणून दिल्या.

अम्मी भांडली, रडली, गोळी कुटून सरबतात घालायचाही तिने विचार केला, पण अब्बा सरबत ओळखायचे. मग कॅरमची क्वीन चुलीकडे गेली. मग पंखा उघडला गेला. आणि माझ्या रोज्याच्या आदल्या दिवशी दारात बांगडे आले, एवढे, की मांजरांनीही नंतर नको म्हटलं. अम्मी म्हणाली, "उद्याचा दिवस जाऊ दे. परवा पनवेल." मी मान हलवली. एका दिवसात काय होणार आहे?

त्या दिवशी उकाडा असा होता की दुपारी कुत्रीदेखील ओट्याखालून बाहेर येईनात. दुपारपर्यंत मी शूर होते. चारनंतर जीभ टाळूला चिकटली. अब्बा दर थोड्या वेळाने यायचे, माझ्या कपाळावर हात ठेवायचे, डोळ्यांत पाणी आणायचे. "माजा पोर किती सुकला," म्हणायचे. एकदा ओला टॉवेल घेऊन आले, एकदा वारा घालायचा विंझणा, आणि एकदा चक्क शेजारच्यांची बकरी घेऊन आले, माझं मन रमावं म्हणून. बकरीने माझ्या हारातला मोगरा खाल्ला. मी रडले, तेव्हा ते माझ्याहून जास्त रडले. मग टोपी घालून मशिदीकडे गेले.

आता बसायची तऱ्हा नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच झाला. आमचं पुढचं दार रस्त्याकडे आणि मागचं दार समुद्राकडे. मागच्या दाराने वारा येतो, म्हणून मानाची जागा त्या दाराकडे तोंड करून. तिथे मला हार घालून बसवलं होतं, जेवढा बकरीने शिल्लक ठेवला होता तेवढा. समोर पसरलेल्या दस्तरखानावर समोसे, भजी, सांदणं, कापलेले आंबे, सब्जाचं गुलाबी सरबत. आणि पलीकडे फुपी, अम्मी, मुंबईकर चाच्या, त्यांची पोरं, सगळे माझ्याकडे तोंड करून. म्हणजे सगळ्यांची पाठ समुद्राला.

आमच्या गावाच्या पश्चिमेला मोकळा समुद्र आहे. सूर्य रोज सगळ्यांदेखत बुडतो. तरी सूर्याकडे बघून रोजा सोडणारा माणूस आमच्या गावात जन्माला यायचा आहे. खजूर हातात धरायचा, कान मशिदीकडे लावायचा, आणि बांगेचा पहिला शब्द कानावर पडला की तोंडात टाकायचा, ही पद्धत.

बांग झाली. अब्बांचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की चाचीने "सुभानल्लाह" म्हटलं आणि सरबताचा पेला उचलला. दहा-बारा हात एकदम पुढे आले. फुपीने पहिला समोसा एका घासात संपवला. मीही खजूर तोंडात टाकला आणि मान वर केली, तर समोर, फुपीच्या डोक्याच्या बरोबर वर, सूर्य. पाण्यापासून चांगला वीतभर उंच.

मला एका क्षणात सगळं कळलं. अब्बांना माझी तहान बघवली नव्हती.

सूर्य आहे म्हणून मी ओरडले असते तर सगळ्यांचे रोजे वाचले असते, निदान ज्यांनी अजून गिळलं नव्हतं त्यांचे. पण मग अब्बांचं काय झालंय हेही त्याच क्षणी सगळ्यांना कळलं असतं, आणि बांग गेली असती. आणि खजूर गिळला तर माझा रोजा गेला, चौदा तासांची तहान पाण्यात. मी काहीच केलं नाही. खजूर गालात सरकवला आणि बसून राहिले. फुपी म्हणाली, "खा की गो, लाजतंस काय?" मी गाल फुगवून हसले. अम्मीने माझ्याकडे पाहिलं, मग माझी नजर जिकडे होती तिकडे वळून पाहिलं, आणि तिच्या हातातला अर्धा प्यायलेला पेला तसाच राहिला.

तेवढ्यात शेजारच्या अंगणातून एका मुंबईकर पोराचा आवाज आला, "अरे, सूरज तो अभी है! मोबाइल में भी टाइम नहीं हुआ!"

पुढची दोन मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. "थुका! थुका!" अशी एकच हाकाटी. मोहल्ल्यातल्या प्रत्येक अंगणात माणसं उकिडवी बसून थुंकत होती. किराणावाले चाचा ओरडत होते की मी फक्त तोंडात धरला होता, आणि त्यांची बायको ओरडत होती की खोटं बोलू नका, रमजान आहे, तुम्ही तिसऱ्या समोश्यावर होतात. फुपी दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसली. मौलाना, म्हणजे आमचे इमाम, बिहारकडचे, तरुण, ते बिचारे नमाजाआधी हात धूत होते. ते कोपरापासून पाणी ठिबकवत रस्त्यावर धावत आले आणि "रुक जाइए, रुक जाइए" म्हणत राहिले. पण पोटात गेलेला समोसा कसा रुकणार?

आणि या सगळ्या गोंधळातून अब्बा आले. बांग देऊन थेट घरी. चेहरा असा उजळलेला, जसं काही चांगलं काम हातावेगळं करून आलेत. त्यांना ना थुंकणारी माणसं दिसली, ना फुपी. ते माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "सोडलास रोजा? गेली तहान?"

सूर्य तिथेच होता, आता जरा लालसर. मी खजूर गिळला. वरून अख्खा ग्लास पाणी प्यायले, घटाघटा, त्यांच्या डोळ्यांत बघत.

"व्हय अब्बा," म्हटलं. "गेली."

ते इतके खूश झाले की मला उचलून घ्यायला निघाले. त्या दिवशी गावातल्या सगळ्यांचा रोजा चुकून सुटला. जाणूनबुजून सोडणारी मी एकटी. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

थोड्या वेळाने मौलानांनी खरी बांग दिली, तर तिच्यावर कोणाचा विश्वास बसेना. अर्धं गाव किनाऱ्यावर जाऊन, सूर्य बुडाल्याची खात्री करून, मगच पाणी प्यायलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर जमात बसली. जमात म्हणजे आमची पंचायतच म्हणा, मशिदीच्या ओसरीवर भरणारी. बायका तिथे बसत नाहीत, पण बाजूच्या जाळीआड उभ्या राहतात आणि तिथून त्यांना जे बोलायचं ते बोलतात. पहिला प्रश्न रोज्याचा. मौलानांनी सांगितलं, की चुकून सुटला, गुन्हा नाही, पण ईदनंतर एक रोजा भरून द्यावा लागेल. त्यावर गिळलेला आणि फक्त चावलेला समोसा यांत फरक करता येईल का, यावर बराच वेळ गेला. मग अब्बांचा विषय निघाला. फुपीने जाळीआडून सांगितलं, की हा असर आहे, एका लांबच्या दर्ग्यात नेऊन त्याला चाळीस दिवस ठेवायचं, तिथे असे खूप असतात. तिथे रात्री पायाला साखळी बांधतात, हे तिने सांगितलं नाही. मला माहीत होतं, कारण आमच्या वाडीतला एक माणूस तिथून परत आला तेव्हा त्याचा घोटा मी पाहिला होता.

मग अम्मी बोलली. माझी अम्मी चारचौघांत आवाज चढवणारी बाई नव्हे, मासे घेतानाही घासाघीस करत नाही. ती जाळीला बोटं अडकवून म्हणाली, "माज्या नवऱ्याला ताप आला तर दवाखान्यात न्हेनार ना? मंग ह्योबी दवाखान्यातच जाईल. साकली घालायची तर आदी मना घाला."

मौलानांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बीमार पर रोज़ा है ही नहीं। और दवा छोड़ने में कोई सवाब नहीं। भाभी ठीक कहती हैं।" सवाब म्हणजे पुण्य. ते वयाने माझ्या मामापेक्षाही लहान होते आणि ते बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. पण मौलाना बोलले म्हटल्यावर विषय संपला. अब्बा पनवेलला जाणार. आणि बांग आता दुसरा कोणी देणार. तेही त्याच दमात ठरलं, आणि अम्मीने जाळीतून बोटं काढून घेतली.

जाता जाता कोणीतरी विचारलं, पोरीच्या रोज्याचं काय? मौलाना हसून म्हणाले, "बच्ची पर तो फ़र्ज़ ही नहीं था।" म्हणजे अख्ख्या गावात रोज्याचं देणं नसलेली मी एकटीच निघाले.

अब्बा पनवेलहून परत आले तेव्हा रमजान संपत आला होता. गोळ्यांनी चढ उतरला होता, आणि चढामागोमाग उतार यायचा तो आला. आधी भिंत होतीच, पण आता मधे उठायला बांगही नव्हती. नव्या बांगीचा आवाज आला की ते चादर डोक्यावरून घ्यायचे. ईदला नवे कपडे घातले ते अम्मीने घातले म्हणून. शीरखुर्म्याची वाटी तशीच राहिली. मी कॅरम मांडून बसायचे आणि दोन्ही बाजूंनी मीच खेळायचे, जरा मोठ्याने, म्हणजे त्यांना ऐकू जावं. क्वीन मुद्दाम त्यांच्या पलंगाखाली मारायचे. ते उचलून द्यायचे नाहीत. मला फार भीती वाटत होती. अम्मीचं ते 'बांग हाय तवर' खरं ठरणार, असं वाटत होतं.

हा आजार एकदा येऊन जाणारा नाही, पुढे दोनदा तो आम्हाला भेटून गेला आहे. पण इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

ईद झाली आणि मुंबईकरांच्या परतीची वेळ आली. प्रत्येकाच्या डोक्यावर एक रोजा बाकी. आमच्या गावाचा स्वभाव असा, की एकट्याने उपाशी राहायचं म्हटलं की प्रत्येकाला काहीतरी काम निघतं. म्हणून जमातीने ठरवलं, शाळा सुरू व्हायच्या आत, मुंबईकर असतानाच, सगळ्यांनी एकाच दिवशी तो रोजा धरून टाकायचा. त्या वर्षी पाऊस उशिरा येणार होता, त्यामुळे उकाड्याचीही सोय होती. मीही धरायचा ठरवला. देणं नव्हतं, पण माझाही अर्धाच राहिला होता.

आदल्या दिवशी किराणावाले चाचा आमच्याकडे आले. सोबत मौलाना. चाचा दारातच उभे राहून मोठ्याने म्हणाले, "ज्याच्या बांगंवर मी समोसा खाल्ला, त्याच्याच बांगंवर रोजा सोडनार. जमातीला विचारलाय. येतंस ना रं?"

अब्बा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "न्हाय. माज्या डोल्यांवर आता माजाच भरोसा न्हाय."

"तुज्या डोल्यांचं काम न्हाय. मौलाना मोबाइल घेऊन बसतील. तू फक्त आवाज दे."

मी म्हटलं, "अब्बा, माजा पन रोजा हाय उद्या." त्यांनी कूस बदलून माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी मला त्यांचा पूर्ण चेहरा दिसला.

रोज्याच्या दिवशी दुपारी अम्मीने एक गोष्ट केली. अब्बांना पुढच्या ओट्यावर बसवलं, रस्त्याकडे तोंड करून, आणि सगळ्या मोहल्ल्यादेखत पाण्याचा तांब्या हातात दिला. गोळीनंतर पाणी हवंच होतं. रोजा धरलेली माणसं येत होती, जात होती. अब्बा मान खाली घालून प्यायले. फुपी तिच्या दारातून बघत होती. तिने तोंड फिरवलं. मग थोड्या वेळाने आली आणि रिकामा तांब्या उचलून भरून आणला. साध्या माठातलं पाणी, दोरा न बांधलेलं. फुपी न बोलता आली आणि न बोलता गेली, हे आमच्या घराच्या इतिहासात एकदाच घडलं आहे.

संध्याकाळी अब्बा टोपी घालून निघाले. गोळ्यांनी पाय जड. मी हार-बीर काही नाही, साध्या फ्रॉकमध्ये दस्तरखानाशी बसले. या वेळी सगळे मागच्या दाराकडे तोंड करून बसले होते. एकदा पोळले होते ना.

सूर्य पाण्याला टेकला, मग अर्धा झाला, मग गेला. सगळ्यांनी पाहिला. मुंबईकर पोराच्या मोबाइलवर वेळ झाल्याची घंटा वाजली. चाचीच्याही वाजली. बांग नाही.

माइक सुरू झाल्याचा खर्र आवाज तेवढा आला. आणि मग श्वास. माझ्या बापाचा श्वास मशिदीच्या कर्ण्यातून सगळ्या गावावर ऐकू येत होता. आत घ्यायचे, थांबायचे, सोडून द्यायचे. पुन्हा आत घ्यायचे. शब्द येत नव्हता.

मुंबईकर पोरगा म्हणाला, "टाइम हो गया ना, खा लो."

रोजा सोडायला उशीर करू नये, हे आमच्या सगळ्यांत फुपी जास्त कडकपणे पाळते. तिने त्याच्या हातावर चापट मारली. "थांब," म्हणाली. "त्यानं अजून बोलावला न्हाय."

मी उठून पुढच्या दारात गेले. ओट्यांवर, अंगणांत, दुकानाच्या फळीवर माणसं हातात खजूर धरून बसली होती. सगळ्यांना वेळ ठाऊक होती. मौलाना तिथेच होते, ते केव्हाही माइक हातात घेऊ शकले असते, पण घेत नव्हते. किराणावाले चाचा मशिदीच्या पायरीवर उभे होते, आणि तीन समोसे खाणारा तो माणूस खजुराकडे बघतदेखील नव्हता. मला वाटायचं अब्बांना धरून ठेवणाऱ्या आम्ही दोघीच आहोत, मी आणि अम्मी. मी दारात उभी राहून रडायला लागले.

मग अब्बांनी बांग दिली. आवाज पहिल्यासारखा नव्हता. खाली होता, दोन ठिकाणी फाटला, आणि एका ठिकाणी ते इतका वेळ थांबले की मागून आलेल्या अम्मीने माझा हात घट्ट धरला. पण पुढचा शब्द आला, आणि त्याच्या पुढचा. आणि ते शेवटपर्यंत पोचेपर्यंत गावात कोणीही काही खाल्लं नाही.